वाफेच्या पाईपमागचा कायदा कुणी लिहिला?

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

भातसानगरला वाढलेल्या पोराला पाईप म्हटलं की पाणीच आठवतं. धरणातलं पाणी नदीतून पिसेपर्यंत जातं, तिथून पंप होऊन पाईपने मुंबईला. पण आमच्या शेजारचे एक काका वेगळ्याच पाईपचे फिटर होते. भिवंडीच्या सायझिंगमध्ये, वाफेच्या लाईनवर. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची खूण होती. लहानपणी विचारलं तर म्हणायचे, "घाई केली रे, वॉल्व्ह पटकन उघडला." एवढंच. आज त्या एका वाक्याचा इतिहास सांगतो.

आधी सायझिंग म्हणजे काय? लूमवर ताणा चढवण्याआधी सुताला कांजी लावतात, नाहीतर धागा तुटतो. ओलं सूत मग गरम सिलिंडरवरून फिरवून वाळवतात. सिलिंडर तापतो वाफेने. वाफच का? तर १ किलो पाणी शून्यापासून १०० डिग्रीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटींहून जास्त उष्णता त्याची वाफ करायला लागते. ही सगळी उष्णता वाफ सोबत घेऊन येते आणि पाईपच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा पाणी होताना सोडून देते. कारखान्यातल्या युनिट हीटरचंही तेच. कॉईलमध्ये वाफ किंवा गरम पाणी, मागे पंखा, पुढे गरम हवा.

ही आयडिया जुनी आहे. जेम्स वॉटने १७८४ च्या सुमारास स्वतःची खोली वाफेने गरम केली होती. पुढे ब्रिटनच्या कापूस गिरण्यांनी ती उचलली, आणि त्याला थंडी हे एकच कारण नव्हतं. कापसाचे तंतू उडणाऱ्या खोलीत शेगडी ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. वाफेच्या पाईपला ज्वाळा नसते.

आपल्याकडे कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. मुंबईत खोली गरम करायची गरज नव्हती, पण इंजिन फिरवायला, सूत वाळवायला, कापड रंगवायला वाफ लागायचीच. गिरणगावाच्या त्या उंच चिमण्या म्हणजे खाली बॉयलर असल्याची खूण. चिमणीचे फोटो सगळे काढतात. बॉयलरपासून खात्याखात्यात गेलेल्या पाईपचं कौतुक मात्र कुणी केलं नाही. ते जोडणाऱ्यांची नावं तर विसराच.

आता त्या पाईपमध्ये काय चालतं ते बघा. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा व्यापते. लाईन थंड असताना वॉल्व्ह झटकन उघडला, तर आत शिरलेल्या वाफेचं लगेच पाणी होतं. मागून येणारी वाफ त्या पाण्याला गोळीसारखी पुढे ढकलते. ते पाणी बेंडवर किंवा वॉल्व्हवर आदळतं आणि जॉईंट फुटू शकतो. याला वॉटर हॅमर म्हणतात. काकांची खूण त्याचीच.

म्हणून चांगला फिटर तीन गोष्टी बघतो. एक, पाईपला वाफेच्या दिशेने उतार. दोन, खोलगट जागी पाणी बाहेर काढायला स्टीम ट्रॅप. तीन, पाईपला लांब व्हायला जागा. ३० मीटर लोखंडी पाईप ३० डिग्रीवरून १८० डिग्रीला गेला की साधारण ५४ मिलीमीटर वाढतो, म्हणजे दोन इंचांहून जास्त! दोन्ही टोकं घट्ट जखडली तर तो सपोर्ट तरी उखडतो, नाहीतर स्वतः वाकतो. रस्त्यावरून जाताना कारखान्याच्या पाईपला मधेच चौकोनी वळसा दिसतो ना? तो यासाठीच.

हे नियम आले कुठून? १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. मग प्रत्येक प्रांताचा आपापला कायदा, आणि शेवटी १९२३ चा देशभराचा बॉयलर कायदा. १९५० मध्ये त्याचे सविस्तर नियम आले, ज्यांना शॉपफ्लोअरवर सगळे नुसतं 'आयबीआर' म्हणतात. अमेरिकेतही तीच गोष्ट. १९०५ मध्ये ब्रॉकटनच्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटला, ५८ माणसं गेली, आणि १९०७ मध्ये तिथल्या राज्यात नियम आले.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली की सीनियर सांगतात, काढू नकोस, कधीतरी काहीतरी क्रॅश झालं असणार. आयबीआर म्हणजे तसंच पुस्तक आहे. फरक एवढाच, की इथे क्रॅशमध्ये माणसं होती.

आपल्याकडचा १९२३ चा कायदा शंभर वर्षं चालला. आता त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आलाय. पण साधारण ३.५ किलोच्या वर प्रेशर असलेली वाफेची लाईन तपासणीत येते, पाईप प्रमाणित हवा, वेल्डरकडे सर्टिफिकेट हवं, हा गाभा जुनाच.

आणि हे आपल्यापासून लांब नाही. मुरबाड एमआयडीसी, आसनगाव, भिवंडी, डोंबिवली... शहापूरची किती पोरं रोज लोकल नाहीतर जीप पकडून तिकडे जातात! २३ मे २०२४ ला डोंबिवलीत स्फोट झाला तेव्हा पहिली बातमी 'बॉयलर फुटला' अशीच आली. नंतर कळलं, रिॲक्टर होता. आपल्याला दोन्हींतला फरकही माहीत नसतो. मग सुरक्षेबद्दल नेमका प्रश्न विचारणार तरी कसा?

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या घरातलं कुणी अशा कारखान्यात असेल, तर आज जेवताना विचारा: लाईन सुरू करताना आधी पाणी काढता का? वॉल्व्ह हळू उघडता का? वेल्डरचं सर्टिफिकेट कुणी बघतं का?

काका आता रिटायर झालेत. हा एपिसोड त्यांना ऐकवला. वॉटर हॅमरचा भाग आला तेव्हा त्यांनी हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "घाई मी केली, खरंय. पण मशीन लवकर चालू कर म्हणून वरून ओरडत कोण होतं, तेही सांग की."

सांगितलं, काका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.