होळकरांचे एक कोटी

आमच्या इंदुरात चार जुनी मराठी माणसं जमली की एक वाक्य हमखास येतं: "अहो, इंग्रज सरकार होळकरांचं देणेकरी होतं!" सांगणाऱ्याची छाती दोन इंच फुगते. गोष्ट खरी आहे. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० च्या सुमारास खंडवा-इंदूर रेल्वेसाठी सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं. वर रुळांसाठी लागणारी जमीन फुकट.

मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे आकडा दिसला की आधी वजन काढतो. तेव्हाचा रुपया म्हणजे तोळाभराचं चांदीचं नाणं. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. म्हणजे एक कोटी रुपये ३१२५ मण भरतात. ज्या घराण्याने १८१७ मध्ये महिदपूरला इंग्रजांकडून मार खाल्ला आणि पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह केला, ते घराणं पन्नास-बावन्न वर्षांत त्याच इंग्रजांचं सावकार झालं.

पण हा सावकार जरा वेगळा. साधा सावकार तगादा लावतो, दारात धरणं धरतो, नाही तर गहाण जप्त करतो. इथे धरणं धरायचं कुठे, इंदूर रेसिडेन्सीच्या फाटकावर? देणेकऱ्याचा एजंट राजधानीतच बसलेला, आणि त्याची फौज तेरा-चौदा मैलांवर महूच्या छावणीत. रेल्वे इंदुरात येते ती महूवरूनच. माळव्याची अफू आणि कापूस खाली उतरवायला लाईन हवी होती हे खरं, पण फौज वर चढवायलाही ती तेवढीच सोयीची होती. ती घेऊन येणाऱ्या गाडीचं भांडवल आपल्या तिजोरीतलं!

पैसा वाया गेला असं मात्र मी म्हणणार नाही. मोरटक्क्याजवळ नर्मदेवर पूल, आणि पुढे कालाकुंड ते पातालपाणी घाटात चाळीसास एक असा चढ. मीटरगेजच्या इंजिनाला तो चढ काय होता हे त्या घाटातून गेलेल्यालाच कळेल. त्या काळचं सर्वेक्षण बघितलं की आजही टोपी काढावीशी वाटते.

व्यवहार म्हणूनही सुरुवातीला महाराज फायद्यात होते. वर्षाला साडेचार लाख व्याज. १८९४ मध्ये सरकारने आपले चार टक्क्यांचे रोखे साडेतीनवर आणले, तेव्हा साडेचारचा बांधलेला दर म्हणजे चैनच. पुढे महायुद्धात महागाईने उसळी घेतली. आकडा तोच, खरेदी कमी. 'होळकर स्टेट रेल्वे' हे नाव तर त्याच्या कितीतरी आधी, १८८० च्या दशकात, राजपुताना-माळवा रेल्वेत विरघळून गेलं होतं.

ग्वाल्हेरची तऱ्हा निराळी. जयाजीराव शिंद्यांनीही रेल्वेला पैसे दिले, पण बराचसा खजिना तळघरात दडवून ठेवला. १८८६ च्या जून महिन्यात काही दिवसांच्या अंतराने तुकोजीराव आणि जयाजीराव दोघेही गेले. ग्वाल्हेरच्या गादीवर नऊ वर्षांचे माधवराव बसले आणि कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला. वर्षभरात त्या दरबाराकडून साडेतीन कोटी रुपये हिंदुस्थान सरकारला कर्ज म्हणून गेले. दहा वर्षांच्या धन्याला कोण विचारतो?

आता होळकरांच्या मुदतीचा हिशेब. १८७० मध्ये १०१ मिळवा, १९७१ येतं. देणेकरी १९४७ ला बोट पकडून गेला. सावकाराचं राज्य १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं. आणि ज्या वर्षी मुदत भरायची, त्याच १९७१ च्या डिसेंबरात सव्विसावी घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखेही बंद झाले.