दुभाष्याचा दोष

गेल्या उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरातील आमच्या घरी भाच्याचा गेमिंग लॅपटॉप अडून बसला. खेळ सुरू केला की पडदा काळा. एरवी सारे सुरळीत. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने तो घेतला होता. दुरुस्तीच्या दुकानात थेट मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला. दोष मात्र निघाला ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकप्रणाली आणि चित्र रेखाटणारे यंत्र यांच्यामधल्या दुभाष्यात.

या दुभाष्याचा इतिहास फार जुना नाही. डॉसच्या काळात बहुतेक खेळ ग्राफिक्स कार्डाशी स्वतःच बोलत; कार्ड अनोळखी असले की संवाद खुंटे. १९९५ साली मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स आणले आणि खेळांना सामाईक भाषा मिळाली. तिचा प्रत्येक कार्डाच्या बोलीत अनुवाद करणे हे ड्रायव्हरचे काम ठरले. २००७ साली विंडोज व्हिस्टाने या अनुवादाचे नियमच बदलले. पुढे न्यायालयात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांनुसार, त्या वर्षी व्हिस्टाच्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झाले होते. २०१० साली एनव्हिडियाचे ऑप्टिमस तंत्र आले. लॅपटॉपमधली दोन ग्राफिक्स यंत्रे कामाप्रमाणे आपोआप पाळी बदलू लागली, आणि मोठ्या यंत्राने काढलेले चित्र लहान यंत्राच्या वाटेने पडद्यावर येऊ लागले. एकाऐवजी दोन दुभाषे झाले. त्यांचे एकमत होणे आवश्यक ठरले.

भाच्याने दर अडचणीला जुन्या ड्रायव्हरवरच नवा चढवला होता. ते पाहताना मला आमच्याच जिल्ह्यातले पैठण आठवले. ज्ञानेश्वरी हीदेखील संस्कृत गीता आणि मराठी श्रोता यांच्यामधली वाणी. तिच्या प्रतींत नकलाकारांच्या हातून अशुद्ध पाठ शिरले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ते दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये, असेही बजावले. पाठ बिघडला म्हणून त्यांनी ग्रंथ टाकला नाही, की त्यावर आपली भर घातली नाही.

आम्हीही तेच केले. सेफ मोडमध्ये जुने ड्रायव्हर मुळासकट काढले. मग लॅपटॉपच्या उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेले ड्रायव्हर घेतले. आधी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा बसवला, नंतर स्वतंत्र कार्डाचा. खेळ सुरू झाला, पडदा उजळला. मदरबोर्ड जुनाच आहे.