नकाशा अ‍ॅपमधील त्रुटी

स्मार्टफोनवरील नकाशात ठिकाण, रस्ता किंवा नाव चुकीचे दिसणे, यास नकाशा अ‍ॅपमधील त्रुटी म्हणतात. अ‍ॅप किंवा कार्यप्रणाली अद्ययावत करताना नकाशाची मूळ माहितीही बदलू शकते. अशा वेळी उपग्रहाद्वारे मिळणारे स्थान अचूक असूनही वापरकर्ता चुकीच्या ठिकाणी पोहोचतो.

== आयओएस ६ ==
१९ सप्टेंबर २०१२ रोजी अ‍ॅपलने आयओएस ६ प्रणालीत गूगल नकाशांऐवजी स्वतःचे नकाशे आणले. त्यांतील चुकांबद्दल मुख्य कार्यकारी अधिकारी टिम कुक यांनी २८ सप्टेंबर रोजी जाहीर दिलगिरी व्यक्त केली व तोवर इतर कंपन्यांचे नकाशे वापरण्यास सुचवले. डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी वाहनचालकांना सावध केले. मिल्डुरा हे शहर या नकाशात सुमारे ७० किमी दूर, एका निर्जल राष्ट्रीय उद्यानात दिसत होते.

== महाराष्ट्र ==
जुलै २०२२ मध्ये गूगल नकाशांवर उस्मानाबादचे नाव धाराशिव असे दिसू लागल्याने वाद झाला. शहराच्या नामांतरास केंद्र सरकारची मंजुरी २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाली.

समान नावांमुळेही गोंधळ होतो. मुरुम हे धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील शहर आहे. त्याच नावाचे गाव सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातही आहे. त्यामुळे शोधताना गावासोबत तालुक्याचे नाव लिहिणे उपयुक्त ठरते. जिल्ह्याचे नाव बदलले, तरी तालुक्यावरून ठिकाण ओळखता येते.