अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे मंत्रिमंडळ : इतिहास, कामकाज आणि बाबासाहेबांनी दाखवलेला फरक

अमेरिकेत नवा राष्ट्राध्यक्ष निवडून आला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत 'नवे परराष्ट्रमंत्री', 'नवे अर्थमंत्री' अशी नावे छापून येतात. वाचकाच्या सोयीसाठी ते ठीक आहे. पण या शब्दामुळे एक गैरसमज कायमचा रुजतो. आपल्याकडे मंत्री म्हणजे निवडून आलेला, सभागृहात उभा राहून प्रश्नांना उत्तरे देणारा माणूस. अमेरिकेतला 'मंत्री' तसा नसतो. तिथे त्याला सेक्रेटरी म्हणतात आणि तो संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा, सदस्य असूच शकत नाही. एखाद्या सिनेटरला सेक्रेटरी नेमले, तर त्याला आधी सिनेटची जागा सोडावी लागते. मतदार त्याला निवडत नाहीत आणि काँग्रेस अविश्वास ठराव आणून त्याला घरी पाठवू शकत नाही.

मग हे मंत्रिमंडळ उत्तरदायी कोणाला? राष्ट्राध्यक्षाला, आणि जवळजवळ फक्त त्यालाच. त्याचा इतिहास समजून घ्यायचा तो या एका गोष्टीसाठी.

संविधानात नसलेले मंत्रिमंडळ

1787 साली लिहिलेल्या अमेरिकन संविधानात 'कॅबिनेट' हा शब्द नाही. दुसऱ्या अनुच्छेदात इतकेच म्हटले आहे की, राष्ट्राध्यक्ष प्रत्येक खात्याच्या प्रमुख अधिकाऱ्याकडून त्याच्या कामाविषयी लेखी मत मागवू शकतो. सर्वांनी एकत्र बसावे, चर्चा करावी, मतदान करावे, असे काहीही तिथे लिहिलेले नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन एप्रिल 1789 मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी काँग्रेसने परराष्ट्र, युद्ध आणि अर्थ ही तीन खाती निर्माण केली आणि सरकारच्या मुख्य कायदेशीर सल्लागाराचे, अॅटर्नी जनरलचे, पद तयार केले. थॉमस जेफरसन, हेन्री नॉक्स, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि एडमंड रँडॉल्फ हे ते पहिले चौघे.

सल्ला घ्यायला वॉशिंग्टन प्रथम त्यांच्याकडे गेले नव्हते. ऑगस्ट 1789 मध्ये ते स्वतः सिनेटमध्ये गेले. दक्षिणेकडच्या क्रीक वगैरे आदिवासी राष्ट्रांशी करायच्या तहाबद्दल त्यांना सिनेटचे मत हवे होते. सिनेटर म्हणाले, आधी हे समितीकडे पाठवू. वॉशिंग्टन चिडले. दोन दिवसांनी ते पुन्हा आले खरे, पण त्यानंतर असा सल्ला मागायला ते सिनेटमध्ये कधीच गेले नाहीत. हळूहळू ते आपल्या खातेप्रमुखांनाच एकत्र बोलावू लागले. नोव्हेंबर 1791 मधली बैठक ही पहिली पूर्ण बैठक मानली जाते. सव्वादोनशे वर्षांची ही संस्था अशी एका माणसाच्या सोयीतून उभी राहिली.

नेमणूक आणि हकालपट्टी

सेक्रेटरी निवडतो राष्ट्राध्यक्ष, पण त्याला सिनेटची संमती लागते. नाव नामंजूर होण्याचे प्रसंग फार थोडे आहेत. पहिला प्रसंग 1834 चा. अँड्र्यू जॅक्सन यांनी अर्थखात्यासाठी दिलेले रॉजर टेनी यांचे नाव सिनेटने फेटाळले. हेच टेनी पुढे सरन्यायाधीश झाले आणि 1857 च्या ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल त्यांनी लिहिला. खातेप्रमुख म्हणून नाकारलेला माणूस कितीतरी मोठ्या खुर्चीवर बसून किती मोठे नुकसान करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

काढून टाकण्याच्या अधिकारावरून तर एक राष्ट्राध्यक्ष जवळजवळ पदच्युत झाला. लिंकन यांच्या हत्येनंतर आलेले अँड्र्यू जॉन्सन दक्षिणेतल्या मुक्त झालेल्या गुलामांना हक्क देण्याच्या विरोधात होते. युद्धखात्याचे सेक्रेटरी एडविन स्टँटन मात्र काँग्रेसच्या बाजूचे होते, आणि दक्षिणेत तैनात असलेले सैन्य त्यांच्या खात्याखाली होते. सिनेटच्या परवानगीशिवाय अशा अधिकाऱ्याला काढता येणार नाही, असा कायदा काँग्रेसने 1867 मध्ये केला. जॉन्सन यांनी फेब्रुवारी 1868 मध्ये स्टँटन यांना काढले आणि प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला. सिनेटमध्ये 35 विरुद्ध 19 मते पडली. दोषी ठरवायला 36 हवी होती. एका मताने जॉन्सन वाचले. तो कायदा 1887 मध्ये रद्द झाला, आणि 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असे अधिकारी काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचाच असल्याचे सांगितले.

एकच टेबल, दोन निर्णय

22 जुलै 1862. यादवी युद्ध सुरू होते. अब्राहम लिंकन यांनी मंत्रिमंडळासमोर गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचला. वाचण्याआधीच त्यांनी स्पष्ट केले की, निर्णय झाला आहे. तो घ्यावा की नाही, हे विचारायला मी तुम्हाला बोलावलेले नाही. माँटगोमेरी ब्लेअर यांना येत्या निवडणुकीची भीती वाटली. विल्यम सेवर्ड म्हणाले, आत्ता जाहीर केले तर हरत चाललेल्या सरकारची धडपड वाटेल, एखादा विजय मिळू द्या. लिंकन यांनी सेवर्ड यांचे ऐकले. सप्टेंबरमध्ये अँटिएटमच्या लढाईनंतर पहिली घोषणा झाली आणि 1 जानेवारी 1863 पासून जाहीरनामा लागू झाला. मंत्रिमंडळाने तारीख बदलली. निर्णय बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हताच. सगळे मंत्री विरोधात असताना लिंकन यांनी आपल्या एका मतावर ठराव मंजूर केला, अशी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिला पुरावा नाही, पण ती इतकी टिकली कारण व्यवस्था तशीच आहे.

आता दुसरा निर्णय. एप्रिल 1913. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या मंत्रिमंडळात पोस्टमास्टर जनरल आल्बर्ट बर्लसन यांनी रेल्वे टपाल सेवेत गोरे आणि काळे कर्मचारी वेगळे करण्याचा विषय काढला. विल्सन यांनी त्याला अटकाव केला नाही. पुढच्या महिन्यांत टपाल आणि अर्थखात्याच्या कार्यालयांत वेगळे पडदे, वेगळी शौचालये, वेगळी जेवणाची जागा सुरू झाली. 1914 पासून सरकारी नोकरीच्या अर्जाला फोटो जोडणे सक्तीचे झाले. यासाठी काँग्रेसने कोणताही कायदा केला नव्हता. खातेप्रमुखाने सुचवले, राष्ट्राध्यक्ष गप्प राहिला, एवढेच पुरले. 1913 च्याच जुलै महिन्यात तरुण भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले होते.

टेबलाभोवती कोण बसले

पहिली स्त्री सेक्रेटरी व्हायला 1933 साल उजाडले. फ्रान्सिस पर्किन्स यांनी रूझवेल्ट यांच्या संपूर्ण कारकिर्दीत, बारा वर्षे, कामगार खाते सांभाळले. 1935 चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि 1938 चा किमान वेतनाचा कायदा यांमागे त्यांचे काम आहे. पण सामाजिक सुरक्षेच्या मूळ कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि कृष्णवर्णीय कामगारांचा मोठा हिस्सा नेमका याच कामांत होता.

रूझवेल्ट यांच्या काळातच 'ब्लॅक कॅबिनेट' नावाचा गट होता. मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या खात्यांतले कृष्णवर्णीय सल्लागार एकत्र येत. नाव कॅबिनेट, पण त्यांना खऱ्या कॅबिनेटच्या टेबलावर जागा नव्हती. त्यांच्यात हार्वर्डमधून अर्थशास्त्राची पीएच.डी. घेतलेले रॉबर्ट वीव्हर होते. केनेडी यांनी शहरांसाठी नवे खाते काढायचे ठरवले, तेव्हा त्याचे प्रमुखपद वीव्हर यांना मिळणार हे उघड होते. 1962 मध्ये काँग्रेसने तो प्रस्ताव हाणून पाडला. अखेर लिंडन जॉन्सन यांच्या काळात 1965 मध्ये गृहनिर्माण आणि नगरविकास खाते झाले आणि जानेवारी 1966 मध्ये वीव्हर पहिले कृष्णवर्णीय सेक्रेटरी झाले. तोवर वॉशिंग्टन यांच्या पहिल्या चौघांना पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली होती.

मूलनिवासींना आणखी थांबावे लागले. आदिवासींचा कारभार 1849 पासून अंतर्गत खात्याकडे आहे. त्या खात्याच्या प्रमुखपदी लागुना प्युब्लो समाजाच्या डेब हालंड 2021 मध्ये आल्या. मुलांना आईवडिलांपासून तोडून ज्या सरकारी निवासी शाळांत ठेवले जाई, त्यांची चौकशी त्यांनी त्याच वर्षी सुरू केली.

आज एकूण 15 खाती आहेत. उपराष्ट्राध्यक्ष बैठकीला असतात. शिवाय आणखी कोणाला मंत्रिमंडळाचा दर्जा द्यायचा हे राष्ट्राध्यक्ष ठरवतो. काही झाले तर उत्तराधिकाऱ्यांच्या यादीत उपराष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष आणि सिनेटचे हंगामी अध्यक्ष यांच्यानंतर सेक्रेटरी येतात, तेही खाते स्थापन झाले त्या क्रमाने. म्हणूनच राष्ट्राध्यक्षाच्या काँग्रेसमधील वार्षिक भाषणाच्या रात्री यादीतल्या एकाला दूर सुरक्षित जागी ठेवतात. मंत्रिमंडळाला स्वतःचा म्हणावा असा एकच मोठा अधिकार 1967 च्या 25 व्या घटनादुरुस्तीने दिला: उपराष्ट्राध्यक्ष आणि बहुसंख्य सेक्रेटरी मिळून राष्ट्राध्यक्ष काम करण्यास असमर्थ असल्याचे काँग्रेसला कळवू शकतात. तो अद्याप एकदाही वापरलेला नाही.

बाबासाहेबांनी काय निवडले

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हाच फरक समजावून सांगितला. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आपल्या सेक्रेटरींचा सल्ला मानायला बांधील नाही आणि त्यांना केव्हाही काढू शकतो. भारताचा राष्ट्रपती सामान्यतः मंत्र्यांच्या सल्ल्याने बांधलेला राहील. लोकशाहीतल्या कार्यकारी सत्तेत स्थैर्य हवे आणि जबाबदारीही हवी, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अजून सापडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त. संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण तिथे निवडणुकीची वाट न पाहता प्रश्न, ठराव आणि चर्चेतून सरकारची रोज झडती होते. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हते. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तिथले सदस्य व्हाइसरॉयने नेमलेले असत आणि विधिमंडळाच्या विश्वासावर त्यांचे पद अवलंबून नसे. नंतर ते स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री झाले. सप्टेंबर 1951 मध्ये राजीनामा दिल्यावर केलेल्या निवेदनात हिंदू कोड बिल आणि अनुसूचित जातींकडे होणारे दुर्लक्ष यांबरोबर आणखी एक तक्रार त्यांनी नोंदवली आहे, जिच्याकडे आपल्याकडे कमी लक्ष दिले जाते: निर्णय आधीच समित्यांमध्ये होतात, मंत्रिमंडळ केवळ त्यांची नोंद करणारे कार्यालय झाले आहे, आणि त्या महत्त्वाच्या समित्यांवर आपल्याला घेतलेले नाही.