‘डेव्हलपमेंट’मध्ये जोर कुठे द्यायचा? सिडकोच्या नावातून समजून घ्या

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचं पूर्ण नाव ‘सिटी अँड इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ऑफ महाराष्ट्र’. यातला ‘डेव्हलपमेंट’ आपल्याकडे बरेच जण ‘डे’वर जोर देऊन म्हणतात. इंग्रजीत तो जोर तिथे नसतो.

आधी शब्दाचे सिलेबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे पाडायचे. स्पेलिंगकडे बघू नका. ऐकू येतात तितके स्वर, तितके सिलेबल. इन्-डस्-ट्रि-अल, डि-व्हेल्-अप्-मन्ट, कॉर्-प-रे-शन. तिन्ही चार-चार.

आता जोर. तो अनुक्रमे ‘डस्’, ‘व्हेल्’ आणि ‘रे’वर पडतो. खरी गंमत शब्दाच्या शेपटीत आहे. ‘इंडस्ट्री’चा जोर ‘इन्’वर असतो, पण ‘इंडस्ट्रियल’ झालं की तो ‘डस्’वर सरकतो. शेवटी ‘शन’ असेल तर जोर जवळजवळ नेहमी त्याच्या आधीच्या सिलेबलवर: इन्फर्मेशन, अ‍ॅप्लिकेशन. ‘मेंट’ मात्र गरीब बिचारा, ‘डेव्हलप’चा जोर जागचा हलवत नाही.

मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्ष देत नाही. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’च्या पहिल्या सिलेबलवर जोर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. ऐरोली-महापेतून परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलताना जोर चुकला, तर ओळखीचा शब्दही समोरच्याला चटकन कळत नाही.

शंका आली तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची डिक्शनरी उघडा. उच्चारात वरच्या बाजूला छोटी उभी रेघ दिसेल. तिच्या लगेच पुढचं सिलेबल जोरात म्हणायचं. रेघ खालच्या बाजूला असेल तर थोड्या कमी जोरात.