आप्तांची स्मृति

छिन्नमनस्कतेस आज जगभर रूढ असलेलें ‘स्किझोफ्रेनिया’ हें नांव झुरिचच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयाचा प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर यानें १९०८ सालीं सुचविलें. तत्पूर्वीं एमिल क्रेपेलिन हा जर्मन वैद्य त्या विकारास ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’, म्हणजे अकाली बुद्धिभ्रंश, म्हणत असे. दोघांत मतभेद पुष्कळ; परंतु या विकारांत स्मृति फारशी बिघडत नाहीं, याविषयीं त्यांचें एकमत होतें. रोगी जुन्या गोष्टी तपशीलवार सांगतो, मग त्याची स्मृति गेली असें कसें म्हणावें? वरवर पाहतां हा मुद्दा बिनतोड वाटतो. ब्लॉयलरची एक बहीणहि मनोविकारानें ग्रासलेली असून त्याच्याच घरीं राहत असे. तेव्हां निरोगी आप्त कोणास म्हणावें, हें त्याला ग्रंथांतून शिकावयाचें नव्हतें.

आप्तांकडे शास्त्राचें लक्ष प्रथम वळलें तें स्मृतीसाठीं नव्हे, आनुवंशासाठीं. एर्न्स्ट रूडिन यानें रोग्यांच्या भावंडांचा अभ्यास १९१६ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९३३ च्या जर्मन निर्बीजीकरण कायद्यावरील अधिकृत भाष्याचा हाच एक कर्ता झाला, आणि त्या कायद्यान्वयें साडेतीन ते चार लाख माणसांची संतति बळजबरीनें खुंटविण्यांत आली. मोजणी करणाऱ्या हातांनींच सुरी उचलून द्यावी, याहून मोठें शास्त्राचें अधःपतन आम्हांस ठाऊक नाहीं. आमच्याकडे सोयरीक जुळवितांना घराण्यांतील वेड दडविण्याची जी धडपड चालते, तिच्यामागील भयहि निराळें नाहीं.

स्मृतीचा प्रश्न नीट विचारला गेला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. सोही पार्क, फिलिप होल्झमन आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनीं १९९५ सालीं रोग्यांच्या निरोगी आप्तांची परीक्षा घेतली. पडद्यावर ठिपका क्षणभर दाखवावयाचा, मग मधल्या वेळांत मन दुसऱ्या कामांत गुंतवावयाचें, आणि नंतर तो कोठें होता तें विचारावयाचें. आप्तांच्या चुका इतरांहून अधिक निघाल्या. अन्य संशोधकांनीं शब्दांची यादी किंवा छोटी गोष्ट ऐकवून तीच परीक्षा दुसऱ्या रीतीनें केली. २००४ सालीं अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हां ऐकलेले शब्द आठवण्यांतील उणीव ही सर्वांत ठळक उणिवांपैकीं एक ठरली.

ठळक म्हणजे किती, हें सांगितल्यावांचून हा शब्द घातक होईल. ही उणीव सरासरीची असून मध्यम प्रतीची आहे. एकट्या माणसास समोर बसवून केवळ या कसोटीवरून तो कोणाचा भाऊ, हें कोणासहि ओळखतां येणार नाहीं. पुष्कळ आप्तांची स्मृति शेजाऱ्यापाजाऱ्यांइतकीच चांगली असते. शिवाय रोग्याच्या सख्ख्या भावंडांपैकीं शंभरांत सुमारें नव्वदांना हा विकार जन्मांत होत नाहीं. घरांतील माणसाची वर्षानुवर्षें शुश्रूषा करणाऱ्या बहिणीला बाजाराची यादी आठवली नाहीं, तर त्याला जागरणहि कारण असूं शकतें.