समोरचा शाहीर

भाऊबीज उरकली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज लाखनीकडच्या एका गावाची, उद्या साकोलीकडच्या, परवा लाखांदूरकडच्या. ज्या त्या गावाचा दिवस पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान अजून बांधीत उभं असतं, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि प्रत्येक घरी पाहुणे असतात. या दिवसांत गावात दंडार होते, नाटक होतं आणि खडी गंमत, म्हणजे इकडचा तमाशा, होते. गावच्या फाट्यावरच्या बॅनरवर ‘दुय्यम खडी गंमत’ ही अक्षरं अजून वाचायला मिळतात. पण आता ती ‘डान्स हंगामा’ या अक्षरांच्या खाली, बारीक टाइपात असतात.

दुय्यम म्हणजे दोन शाहिरांचा सामना. एक कलगीचा, दुसरा तुऱ्याचा. कलगीवाला शक्ती मोठी म्हणतो, तुरेवाला शिव मोठा म्हणतो. मध्य भारतात या वादाची सुरुवात तुकनगीर आणि शाहअली या दोघांपासून झाल्याचं सांगतात. चंदेरीच्या राजाने त्यांच्या काव्यावर खूश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी दिली, अशी कथा आहे. पश्चिम महाराष्ट्रात पेशवाईत हा फड रंगला, तसा इकडे पूर्वेलाही पसरला. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूरसोबत मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता. त्यामुळे इथला शाहीर मराठी लावणीला हिंदीत उत्तर देऊ शके आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

माझे मोठेबाबा कलगीचे शाहीर होते. मी त्यांच्या मागे झील धरायचो आणि मंजिरी वाजवायचो. पाऊण एकर बांधीचा हा माणूस, शाळा चौथीपर्यंत. घरात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात श्रीधराचे ‘रामविजय’, ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, नवनाथांची पोथी, रामायणाचं एक जाडजूड मराठी भाषांतर आणि हाताने लिहिलेली बाडं. पावसाळ्यात रोवणी आटोपली की संध्याकाळी ते या पोथ्या वाचायचे. भक्तीने वाचायचे तसेच शस्त्राला धार लावल्यासारखेही वाचायचे. कोणत्या अध्यायात कोणाला किती पुत्र, कोणत्या ऋषीने कोणाला शाप दिला, कोणत्या बाणाचं नाव काय, हे सगळं त्यांना मंडईपर्यंत तोंडपाठ करून ठेवायचं असे. कारण समोरचा काय विचारील याचा नेम नव्हता.

एका सामन्यात पवनीकडच्या तुरेवाल्या शाहिराने सेतूबंधनाचा सवाल टाकला. रामाचा सेतू पाच दिवसांत झाला. कोणत्या दिवशी किती योजने बांधला ते सांगा, आणि याच चालीत, याच यमकात सांगा. उत्तर वाल्मीकीच्या युद्धकांडात आहे. पहिल्या दिवशी चौदा, दुसऱ्या दिवशी वीस, मग एकवीस, बावीस आणि तेवीस, मिळून शंभर. उत्तर ठाऊक असणं हा अर्धाच भाग. सवालाचं यमक त्याने मुद्दाम ‘ईस’चं धरलं होतं. वीस, एकवीस, बावीस, तेवीस आपोआप बसतात. शाहिराला काही करावंच लागत नाही. अडतो तो चौदा. आणि तो पहिल्याच दिवसाचा आकडा असल्याने पहिल्याच ओळीत अडतो. तुरेवाल्याने खड्डा बरोबर दारातच खणला होता.

आम्ही झीलकरी ध्रुवपद घोळवत राहिलो. मोठेबाबा चोणक्याच्या तारेवर बोट ठेवून उभे. ढोलकीवाल्याने एक आवर्तन जास्त घेतलं, मग आणखी एक. मग त्यांनी उचललं. समुद्र आधी वाट देत नव्हता, रामाने बाण चढवल्यावर तो हात जोडून आला, हा प्रसंग त्यांनी रामाशी झालेला समुद्राचा ‘सौदा’ केला. ओळीच्या पोटात ‘सौदा’ला ‘चौदा’ जोडून दिला आणि ओळ संपवली ‘जगदीस’वर. पुढच्या चार ओळी पाण्यासारख्या वाहत गेल्या. मंडपात बसलेल्या शाळेच्या गुरुजींनी बोटांवर बेरीज करून पाहिली आणि शंभर भरल्यावर उठून उभे राहिले. तुरेवाल्या शाहिराने स्वतः पुढे येऊन मोठेबाबांच्या पागोट्याला हात लावला.

त्या एका ओळीत किती गोष्टी आहेत! पोथीचा आधार आहे, आतलं यमक आहे, बाहेरचं यमक आहे, आणि प्रसंगाचा नवा अर्थही आहे. समुद्राशी झालेला व्यवहार असा कुणी आधी पाहिला नव्हता. शिवाय आमची बोली आहे. पुस्तकी मराठीत ‘जगदीश’ आणि ‘वीस’ एकमेकांना पुरते जुळत नाहीत. आमच्या या झाडीपट्टीत ‘श’चा ‘स’ होतो, ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. डोळा हा डोरा, पाणी हे पानी. त्यामुळे इथल्या शाहिराच्या हाताशी पुण्याच्या शाहिरापेक्षा कितीतरी जास्त यमकं होती. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि इथल्या दंडारीचा अभ्यास आयुष्यभर केला. बोली ही अडाण्याची मराठी नाही, हे त्यांनी पुस्तकांतून सिद्ध केलं. आमच्या फडात ते रोज रात्री सिद्ध होत असे.

फडाचे नियम कडक होते. ज्याचं उत्तर स्वतःजवळ नाही असा सवाल टाकायचा नाही. उत्तराला ग्रंथाचा आधार द्यायचा, मागितला तर कांड आणि अध्यायासकट. चाल मोडायची नाही. समोरच्याने वापरलेलं यमक जसंच्या तसं उचललं तर लोक हसत, आणि ते हसणं पुढच्या मंडईपर्यंत पुरत असे. बिनकाना-मात्रेचं कवन करणारे शाहीर होते. मोरोपंतांनी ओठाला ओठ न लागू देता आख्खं निरोष्ठ रामायण रचलं, ते पंडितांसाठी. आमच्याकडे असली कसरत धान चुरून आलेल्या माणसांसमोर चाले आणि त्यांना ती कळे. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे. शब्दाची पारख करायला पदवी लागत नाही. लहानपणापासून दोन शाहीर समोरासमोर ऐकलेले असावे लागतात.

झीलकऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. लोकांना वाटतं झील म्हणजे साथ, आवाज भरायला. खरं काम वेगळं. ध्रुवपद आम्ही जितका वेळ घोळवू तितका वेळ शाहिराला पुढची ओळ जुळवायला मिळतो. चांगल्या झीलकऱ्याला शाहिराच्या तोंडाकडे पाहून कळतं की ओळ तयार झाली की नाही. कॅसेटी आल्या, मग ऑर्गन आला, मग आधीच ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक आला, आणि ही जागा गेली. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. ओळ आधी पाठ केलेलीच हवी, आणि पाठ केलेली ओळ समोरच्याच्या सवालाचं उत्तर कशी होणार?

याच मातीत आणखी एक सामना उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. त्यात ते हरले, पण त्यांच्यामागे गावोगावी गाणारी माणसं तयार झाली. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि पुराणातले सवाल ज्यांनी टाकून दिले त्यांनी सवाल टाकण्याची रीत मात्र ठेवली. भीमजयंतीला, बुद्धजयंतीला दुय्यम कव्वाली होऊ लागली. दोन पार्ट्या, समोरासमोर. आता सवाल बुद्धचरित्राचे, बाबासाहेबांच्या ग्रंथांचे, घटनेतल्या कलमांचे. नागोराव पाटणकरांसारख्या कव्वालांचं नाव विदर्भात कुठेही घ्या, म्हातारी माणसं सावरून बसतात. माझ्या गावात कलगीचा फड मंदावला तेव्हाही बौद्ध वस्तीतला मुकाबला जोरात होता, आणि मोठेबाबा तिथे पहिल्या रांगेत जाऊन बसायचे.

मग दर्जा घसरला कसा? लोक म्हणतात टीव्हीमुळे, मोबाइलमुळे. मला ते पुरेसं वाटत नाही. माझ्या मते घसरण सुरू झाली ती समोरचा शाहीर गेला तेव्हापासून. सरकारने शाहिरांना कामं दिली, ही चांगलीच गोष्ट. कुटुंबनियोजन, दारूबंदी, हुंडाबंदी, २००० नंतर ग्रामस्वच्छता, २००७ नंतर तंटामुक्ती. कलापथकं गावोगाव फिरली, शाहिरांच्या चुली पेटल्या. पण स्वच्छतेच्या विरुद्ध बाजूने कोण गाणार? एकट्याने गायचं, विषय ठरलेला, मजकूर मंजूर झालेला. शाहीर खोटं गात नव्हता, तरी त्याला कोणी अडवतही नव्हतं. दहा वर्षं ज्याला कोणी अडवलं नाही त्याची ओळ सैल होते. त्यात २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर भोंगा बंद झाला. नियम योग्य आहे, आजाऱ्याला झोप हवीच. पण दुय्यम खरा रंगायचा तो मध्यरात्रीनंतर, गण-गवळण आटोपून दोघे भेदिकावर, म्हणजे कूट सवाल-जवाबांवर, आले की. आता दुपारी दोन-तीन तासांत उरकायचं, त्यात सत्कार, त्यात पुढाऱ्यांची भाषणं. सवाल टाकला जातो आणि जवाबाची पाळी येण्याआधी वेळ संपते. वृद्ध कलावंतांना आता महिन्याला ५ हजार रुपये मानधन आहे. त्याने औषधपाणी चालतं, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण शाहिराला जिवंत ठेवणारी दुसरी गोष्ट म्हणजे त्याला हरवू शकेल असा माणूस.

माझा नातू रॅप ऐकतो आणि करतोही. त्याच्यामुळे मीही ऐकलं. १९७३ च्या ऑगस्टात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत जे सुरू केलं, त्याचीही पुढे दुय्यमच झाली: दोघे समोरासमोर, ताल एक, शब्दाने शब्द कापायचा. १९८७ साली आलेल्या रकीमच्या गाण्यांत यमक ओळीच्या शेवटाची वाट न पाहता पोटातच जुळतं. नातवाने थांबवून थांबवून दाखवलं तेव्हा मला सौदा-चौदा आठवला. मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझीने २०१५ मध्ये गल्लीची भाषा गाण्यात आणली, २०१९ मध्ये ‘गली बॉय’ आला, २०२३ मध्ये पुण्याचा एमसी स्टॅन टीव्हीवरची स्पर्धा जिंकला. पोरांना वाट दिसली. पण आज सगळ्यांत जास्त वाजणारं जे रॅप नातू ऐकवतो, त्यात बरंचसं एकाच शब्दावर संपणाऱ्या चार ओळींचं असतं. गाडी, साखळी, पैसा. ‘मी मोठा’ हे पुन्हा पुन्हा. कलगीवालाही ‘मी मोठा’ म्हणायचा, पण त्याला ते पोथी उघडून सिद्ध करावं लागे. मोठं नाव झालेल्या रॅपरला कुणाला जवाब द्यायचा नसतो, म्हणून त्याची कलम बोथट होते. २०२४ च्या मे महिन्यात ड्रेक आणि केंड्रिक लमार यांची जुंपली, तेव्हा ड्रेकचं गाणं आल्यावर तासाभरात केंड्रिकचं उत्तर आलं. सगळं जग ओळीन्‌ओळ उकलत बसलं, अर्थ लावत बसलं. समोर शाहीर उभा राहिला की ऐकणाराही जागा होतो, मग तो कॅलिफोर्नियाचा असो की मोहाडीचा.

यंदा आमच्या गावच्या मंडई समितीपुढे मी एक मागणी ठेवली आहे. डान्स हंगामा ज्यांना हवा त्यांनी ठेवावा. दुपारी सत्काराआधी एक तास मोकळा द्यावा. एका बाजूला तालुक्यातला कुणीही शाहीर, दुसऱ्या बाजूला नातवाच्या टोळीतला एक पोरगा. विषय चिठ्ठी काढून तिथल्या तिथे ठरेल: धानाचा बोनस, वैनगंगेचं पाणी, तुमसरच्या बाजारातला भाव, काहीही. ट्रॅक नाही, ढोलकी आणि चोणका. जवाब त्याच चालीत आणि त्याच यमकात, आणि आधार मागितला तर तलाठ्याचा सातबारा असो की वर्तमानपत्राचं कात्रण, दाखवावा लागेल. झील मी धरीन, दोघांसाठीही. समितीने तास कबूल केला आहे. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि नातू गेले काही दिवस मोठेबाबांची बाडं मागतो आहे.